जास्त ताकदीची गाडी आणि रिबिल्ट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: किती टिकतो?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू ५३०डी, एफ१० मॉडेल, सेकंडहँड. तीन लिटर डिझेल, कंपनीच्या कागदावर २५८ हॉर्सपॉवर आणि ५६० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). आधीच्या मालकानं ताकद वाढवून घेतलेली आहे. नेमकी किती आणि कशी, ते कागदांत कुठंच नाही. पण तावडे हॉटेलच्या चौकातून हायवेला लागलं की जाणवतं.

तक्रार अशी: पुण्याहून येताना खंबाटकी चढताना आरपीएमचा काटा उगाच वर जातो आणि गाडी त्या मानानं ओढत नाही. थंड असताना कमी, तापल्यावर जास्त. रिव्हर्स टाकला की क्षणभर काहीच होत नाही, मग दणका बसतो. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशाराही येऊन गेला.

शोरूमनं नवा गिअरबॉक्स सांगितला. तो आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढं जातो. दुसरा रस्ता रिबिल्ट करण्याचा, म्हणजे आहे तोच खोलून नव्यानं जुळवण्याचा. तिसरा म्हणजे कुर्ला किंवा मायापुरीच्या स्क्रॅप बाजारातला जुना डबा (गिअरबॉक्स) आणून बसवणं. इतक्या टॉर्कच्या गाडीत रिबिल्ट केलेला ऑटोमॅटिक टिकतो का, आणि टिकायचा असेल तर कशामुळं, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. काम कोल्हापुरात होण्यासारखं आहे का, तेही सांगा.

घाटवाट

तेल कधी बदललं होतं? आणि घसरते ती कोणत्या गिअरला? नुसतं "चढाला" यावरून काही कळत नाही. स्पोर्ट मोडमध्ये टाका, डॅशबोर्डवर गिअरचा आकडा दिसेल. तो बघून लिहा.

शाहूपुरीकर

तेल बदलल्याची नोंद कुठंही नाही. शोरूममध्ये विचारलं तर "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही" असं उत्तर आलं. गिअरचं बघून सांगतो.

घाटवाट

हे "लाइफटाइम" ऐकून माझं डोकं फिरतं. तुमच्या गाडीतला डबा झेडएफ कंपनीचा आहे, ८एचपी. ती कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा फार तर आठ वर्षांत तेल बदला. गाडी विकणारा एक सांगणार, डबा बनवणारा दुसरं सांगणार. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. आपल्याकडं तर पुण्याला जाताना-येताना घाट, कोकणात उतरायचं तर गगनबावडा नाहीतर फोंडा नाहीतर आंबोली. सपाटीवरच्या गाडीचं वेळापत्रक इथं लावून चालत नाही.

तुमचा डबा मात्र घसरायला लागलेला आहे. आता नुसतं तेल बदललं तर जळलेल्या प्लेटा काही परत येणार नाहीत.

निपाणकर

माझं ऐका, रिबिल्टच्या नादाला लागू नका. माझी एंडेव्हर, ३.२ लिटरची. तिचा सहा गिअरचा डबा म्हणजे फोर्डनं झेडएफच्या ६एचपी२६ चं लायसन घेऊन बनवलेला ६आर८०. एका ठिकाणी (नाव घेत नाही) ओव्हरहॉल करून घेतला. काही महिने बरा चालला, मग पुन्हा तेच: लॉकअपला (टॉर्क कन्व्हर्टरमधला क्लच धरताना) थरथर, चढाला घसरण. परत नेला, परत प्लेटा बदलल्या, परत तेच. बिलावर एकच ओळ, "गिअरबॉक्स ओव्हरहॉल". आत काय बदललं, कशाला हात लावला नाही, काही कळायला मार्ग नाही. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यापासून पार्टसाठी ताटकळावं लागतं ते वेगळंच. घरच्यांनी गाडीत बसायचं सोडलं. पैसे गेले त्याहून ते जास्त लागलं.

उद्यमनगर_टर्नर

निपाणकर भाऊ, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. पण त्याला रिबिल्ट म्हणू नका. त्यो नुसता प्लेटा बदललेला डबा हाय. मी गिअरबॉक्सवाला न्हवं, टर्नर हाय. पण उद्यमनगरात माझ्या लेथवर कन्व्हर्टर येतात, त्यामुळं आतली अवस्था बघायला मिळती. जरा सविस्तर लिहितो.

ऑटोमॅटिकमधली क्लचप्लेट म्हंजे पत्र्याच्या चकतीवर कागदासारखा थर चिकटवलेला असतोय. ती जळली की थराचा चुरा तेलात उतरतोय. आणि ते तेल फिरतंय कुठं? व्हॉल्व्हबॉडीत (तेलाचा दाब क्लचांना वाटणारा भाग), कूलरमध्ये आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातनं डब्याला देणारा भाग). डबा खोलला, प्लेटा नव्या घातल्या आणि जुना कन्व्हर्टर तसाच मागं लावला, की पहिल्या स्टार्टलाच त्यातला गाळ नव्या प्लेटांवर येतोय. कूलरचं तसंच. वरनं डिझेल मारून फुकर मारली म्हंजे कूलर साफ झाला असं न्हाई. त्याच्या बारीक पापुद्र्यांत धातूचा कीस अडकून बसतोय. आधीचा डबा धातू खाऊन गेला असंल तर कूलर बदलायचाच, त्यात पैसा वाचवायचा न्हाई.

कन्व्हर्टर बाहेरनं सगळा वेल्ड केलेला. लेथवर धरून वेल्डिंगची शिवण टर्न करून काढायची, दोन भाग वेगळे करायचे. आत लॉकअप क्लचचा थर बघायचा, बेअरिंगा बघायच्या, हबवर बुशची जागा खाल्लीय का ते बघायचं. लई वेळा थर पार पत्र्यापर्यंत गेलेला असतोय आणि मालकाला सांगितलेलं असतंय की "कन्व्हर्टर ओके". तुमची लॉकअपची थरथर बहुतेक तिथलीच, भाऊ. नवा थर चिकटवायचं काम मी करत न्हाई. तापमान आणि दाब दोन्ही धरून चिकटवायचं फिक्श्चर लागतंय, ते बाहेर पाठवतो. परत आला की जोडून वेल्ड, हवेवर गळती तपासायची, हबला डायल लावून रनआउट (फिरताना किती डुलतोय) बघायचा, मग बॅलन्सिंग. रनआउट सोडला तर हब वाकडा फिरतोय, पंपाची बुश खातोय, पुढचं सील गळतंय, आणि नाव प्लेटांचं खराब होतंय.

आता कोल्हापुरात होईल का. मशिनिंगला आपल्या उद्यमनगराला तोड न्हाई. शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्र्या, हितं लेथ, सगळं हाय. पण डबा जुळवायचा तो शेजारी ग्राइंडर चालू असताना न्हाई. व्हॉल्व्हबॉडीतले व्हॉल्व्ह बोटाएवढे, त्यांची फट केसाहून कमी. आपल्याकडं हात पुसायला कॉटन वेस्ट घ्यायची सवय. तिचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये गेला तर त्यो व्हॉल्व्ह अडकलाच. डबा जिथं जुळवतात ती खोली आधी बघून या. टेबलावर काय पसरलंय आणि मिस्त्री हात कशानं पुसतोय, एवढं बघितलं तरी निम्मं कळतंय.

शाहूपुरीकर

टर्नर काका, मनापासून आभार. हे एवढं मला आजवर कुठल्याही गॅरेजमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मृण्मयी_क

मी पुण्यात गिअरबॉक्सच्या कंट्रोल सॉफ्टवेअरचं काम करते, माहेर राजारामपुरी. काकांनी यंत्राची बाजू सांगितली, मी उरलेली सांगते. माझ्या मते तुमच्या गाडीचा खरा प्रश्न तिथंच असावा.

आधी हॉर्सपॉवर बाजूला ठेवा. गिअरबॉक्सच्या वाट्याला टॉर्क येतो. तुमच्या ५३०डी मध्ये ८एचपी७० आहे. त्यातले ७० म्हणजे ७०० न्यूटन मीटरचा वर्ग. ४५ म्हणजे ४५०, ९० म्हणजे ९००. इंजिन मुळात ५६० देतं. ताकद वाढवून ६५० च्या आसपास गेलं असं धरलं तरी कागदावर डबा पुरून उरतो. मग घसरला कशानं?

क्लच पूर्ण धरलेला असला की त्यातून कितीही टॉर्क जाऊ दे, उष्णता जवळजवळ होत नाही. उष्णता होते ती घसरताना. ६०० न्यूटन मीटरला क्लच फक्त १०० आरपीएमनं घसरतोय असं धरा. गणित केलं तर सव्वासहा किलोवॅट येतात. दोन-दोन किलोवॅटचे तीन गिझर एकदम लावावेत एवढी उष्णता जेवणाच्या ताटाएवढ्या प्लेटांमध्ये. काही सेकंद असं चाललं की थर काळा पडतो, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग येतात. तिथून पुढं पकड कमी, म्हणून घसरण जास्त, म्हणून उष्णता आणखी.

क्लच किती दाबानं धरायचा हे गिअरबॉक्सचा कंप्युटर ठरवतो. मात्र तो टॉर्क स्वतः मोजत नाही. इंजिनाचा कंप्युटर त्याला सतत आकडा कळवत असतो, आत्ता एवढा टॉर्क येतोय म्हणून, आणि त्या आकड्यावर हा दाब ठरवतो. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधले तक्ते बदलणं, नीट केलेला असेल तर हा आकडाही खरा ठेवलेला असतो. गिअरबॉक्सला कळतं की आता ६५० येणार आहेत, तो दाब वाढवतो.

बाजारातले ट्यूनिंग बॉक्स तसं करत नाहीत. ते डिझेल रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसतात आणि प्रेशर आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. इंजिनाचा कंप्युटर प्रेशर वाढवतो, नोझलमधून डिझेल जास्त जातं, ताकद वाढते. पण कंप्युटरच्या हिशोबात डिझेल तेवढंच आहे, त्यामुळं गिअरबॉक्सला तो जुनाच आकडा कळवतो. प्रत्यक्षात ६०० येत असताना गिअरबॉक्स ५०० च्या हिशोबानं धरून बसलेला असतो. कंपनीनं थोडी जास्तीची पकड ठेवलेली असते, ती अशी खर्ची पडते. घाटात, तेल तापलेलं असताना, ती संपते.

म्हणून गिअरबॉक्स उतरवायच्या आधी इंजिनावरचं कव्हर काढून रेल सेन्सरचं कनेक्टर बघा. मध्ये एखादी काळी डबी जोडलेली दिसली तर लगेच इथं लिहा. ती तशीच ठेवून जगातल्या उत्तम माणसाकडून डबा रिबिल्ट करून घेतलात तरी तो पुन्हा त्याच जागी जळेल.

डिझेल_दादा

ताई, हे जरा पुस्तकी वाटतंय. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगवाले हजार-हजार हॉर्सपॉवरच्या गाड्यांना जुने रिबिल्ट ऑटोमॅटिकच लावतात. जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० म्हणजे १९६४ चा डबा, पॉवरग्लाइड तर १९५० चा, दोन गिअरचा. तेच उघडून, मजबूत करून पळवतात. तिथं टिकतात आणि आपल्याकडं तीनशे हॉर्सपॉवरला रडतात? मजबूत प्लेटा घाला, दाब वाढवा, संपलं.

घाटवाट

दादा, उदाहरण बरोबर, पण तिथलं टिकणं वेगळ्या मोजमापाचं. ड्रॅगची धाव काही सेकंदांची. हंगामात डबा परत परत उघडला जातो, प्लेटा बघितल्या जातात, बदलल्या जातात. शाहूपुरीकरांना चार माणसं आणि सामान घेऊन वर्षानुवर्षं पुणे गाठायचंय. शिवाय त्या जुन्या डब्यांत शाफ्ट, ड्रम, इनपुट हब असे भाग जास्त मजबूत धातूचे मिळतात, कारण तिथं त्याचा पन्नास-साठ वर्षांचा बाजार आहे. आणि तिथंही सगळे डबे सारखे नाहीत. ४एल६०ई मध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच जळणं नेहमीचं, म्हणून जास्त ताकदीची इंजिनं लावणारे ४एल८०ई कडं जातात. तो टर्बो हायड्रामॅटिक ४०० च्याच घराण्यातला.

सरसकट दाब वाढवायचंही तसंच. दाब वाढला की पंपावर ताण, सील रिंगांवर ताण, प्रत्येक शिफ्टला दणका. रोजच्या गाडीत तो दणका शेवटी प्रॉपेलर शाफ्टच्या रबर कपलिंगपर्यंत आणि डिफरन्शिअलपर्यंत पोचतो.

डिझेल_दादा

मान्य. पण जास्त पकडीच्या प्लेटा मिळतात त्या घालायला काय हरकत?

मृण्मयी_क

हरकत एवढीच की घर्षणाचा स्वभाव बदलला की कंप्युटरचा हिशोब चुकतो. तो कंपनीच्या थराचं घर्षण आणि कंपनीचं तेल धरून शिफ्ट करतो. थर बदलला, तेल बाजारातलं "सगळ्याला चालतं" असं घातलं, तर शिफ्टला हिसके येतात, लॉकअपला थरथर येते, आणि मग सगळे सॉफ्टवेअरला दोष देतात. मूळ दर्जाच्या प्लेटा, झेडएफचं लाइफगार्ड ८ किंवा त्या मान्यतेचं तेल, याच्या पलीकडं जायची गरज ६५० पर्यंत नाही.

पंचगंगाकाठ

एक कोल्हापुरी मुद्दा राहतोय, म्हणून लिहितो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही पुरांत किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण डोळ्यांनी बघितलंय. त्यातल्या कितीतरी स्वच्छ धुऊन, सीट बदलून पुन्हा विकल्या गेल्या. इंजिन लोक तपासतात, गिअरबॉक्सकडं कुणी बघत नाही. ब्रीदरमधून (डब्याच्या हवेच्या भोकातून) पाणी आत गेलं की एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, दुधाळ होतं. कागदी थर पाणी पितो, त्याचा गोंद सुटतो आणि थर पत्र्यावरून सोलून निघतो. तेल बदललं म्हणून भागत नाही. तोवर पाणी थरात मुरलेलं असतं. अशा डब्यात एकही जुनी फ्रिक्शन प्लेट आणि जुना लॉकअप ठेवायचा नाही.

रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटला तरी हेच होतं, तिथं कूलंट मिसळतो. स्क्रॅप बाजारातून डबा घेणाऱ्यांनी तर खास बघावं, तो कुठल्या पुरातून आलाय ते कुणी सांगणार नाही.

शाहूपुरीकर, तुमची गाडी पुराच्या वेळी कुठं होती?

शाहूपुरीकर

पुण्यात, चौथ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये. त्या बाबतीत निर्धास्त आहे.

आणि मृण्मयी ताई, कव्हर काढलं. रेल सेन्सरच्या वायरला मध्येच एक काळी डबी जोडलेली आहे, इन्शुलेशन टेप गुंडाळून लपवलेली. काढून मूळ कनेक्टर जोडला. ताकद लगेच कमी जाणवली, घसरण कमी झाली, पण थांबली नाही.

घाटवाट, तुम्ही विचारलेलं नीट टिपून आणलंय. पन्हाळ्याच्या चढाला गाडी चांगली तापवून बघितलं. पहिला, दुसरा, तिसरा गिअर एकदम चोख. चौथा पडला की काटा वर जातो. पाचव्याला, सहाव्यालाही तेच. रिव्हर्स पहिल्यासारखाच उशिरा.

घाटवाट

वा, आता बोलता येईल. ८एचपीमध्ये पकडणाऱ्या जागा एकूण पाच. ए आणि बी हे ब्रेक, सी, डी, ई हे क्लच. कुठल्याही गिअरला त्यातल्या तीन धरलेल्या, दोनच सुटलेल्या. पहिल्याला ए-बी-सी, दुसऱ्याला ए-बी-ई, तिसऱ्याला बी-सी-ई, चौथ्याला बी-डी-ई, पाचव्याला बी-सी-डी, सहाव्याला सी-डी-ई. सातव्याला ए-सी-डी, आठव्याला ए-डी-ई. रिव्हर्सला ए-बी-डी.

तुमचं उत्तर यातच आहे. पहिल्या तीन गिअरांत डी कुठंच नाही. चौथ्यापासून आठव्यापर्यंत सगळीकडं डी आहे आणि रिव्हर्सलाही आहे. बी किंवा ई गेला असता तर दुसरा-तिसराही बोंबलला असता. पंप किंवा एकूण दाब गेला असता तर सगळेच गिअर घसरले असते. डी क्लच, नाहीतर त्याला तेल पोचवणारा रस्ता: सील रिंग, पिस्टन किंवा व्हॉल्व्हबॉडीतला त्याचा व्हॉल्व्ह. डबा उघडणाऱ्याला हे आधी सांगा, आणि स्कॅनरवर प्रत्येक क्लचच्या अ‍ॅडाप्टेशनचे आकडे (कंप्युटरनं त्या क्लचसाठी शिकून घेतलेला हिशोब) वाचून लिहून ठेवायला सांगा. उघडल्यावर ते आकडे मिळणार नाहीत.

उद्यमनगर_टर्नर

लई बेस. आता मिस्त्रीला एकच इचारा: "डी जळला तो दाब कमी पडून, का तेल गळून?" जो म्हणंल की काय फरक पडतोय, प्लेटा बदलू, त्याच्याकडं डबा देऊ नका.

शाहूपुरीकर

उशिरा लिहितोय, पण लिहिण्यासारखं बरंच आहे.

फक्त ऑटोमॅटिकचं काम करणारा एक मिस्त्री सापडला. वेगळी बंद खोली, एसी, टेबलावर स्टेनलेसचा पत्रा, पुसायला धागा न सुटणारा कागद. टर्नर काकांचं ऐकून आधी तेच बघितलं. माझा प्रश्न विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणाले उघडल्याशिवाय सांगणार नाही. मला ते आवडलं.

काल डबा माझ्यासमोर उघडला. पॅनमधल्या चुंबकांवर काळपट लेप, त्यात बोटाला टोचणारे तुकडे नाहीत, म्हणजे गिअर आणि बेअरिंगा शाबूत. तेल काळं, जळका वास. ए, बी, सी यांच्या प्लेटा तपकिरी, थर शाबूत, ई थोडा घासलेला. डी चा ड्रम काढला तेव्हा प्लेटा एकमेकींना चिकटलेल्याच होत्या, स्क्रूड्रायव्हर घालून सोडवाव्या लागल्या. फ्रिक्शन थर कोळसा झालेला, स्टील प्लेटांवर निळे-जांभळे चट्टे.

मग त्यांनी पिस्टनच्या जागी हवा दिली. पिस्टन सरकला, धरून राहिला, कुठं फुसफुस नाही. सील रिंगाही धारदार. म्हणजे तेल कुठं गळत नव्हतं. व्हॉल्व्हबॉडी तपासली, डी चा व्हॉल्व्ह मोकळा. मिस्त्रींचं म्हणणं, दाबच कमी मागितला जात होता, आणि ती काळी डबी दाखवल्यावर ते नुसतं मान हलवून "झालं की मग" म्हणाले. मृण्मयी ताई, तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतं.

प्लेटा पाचही संचांच्या नव्या घालतोय. सगळे रबर सील, सील रिंगा, पंपाची बुश, मेकॅट्रॉनिकचे (व्हॉल्व्हबॉडी आणि कंप्युटर एकत्र असलेल्या भागाचे) सील, फिल्टरसकट नवा पॅन, कूलर नवा. कन्व्हर्टर टर्नर काकांकडं येतोय. प्रत्येक क्लचची फट मोजून बिलामागं लिहून देणार आहेत. हे मी मागितलं नव्हतं, त्यांचीच पद्धत आहे.

दोन प्रश्न: जास्तीचा कूलर लावू का? आणि डबा बसल्यावर ताकद परत वाढवता येईल का?

घाटवाट

मूळ कूलर नवा असेल आणि त्याचा थर्मोस्टॅट नीट असेल तर आधी तेवढ्यावर चालवून बघा. घाटात स्कॅनरवर तेलाचं तापमान वाचा. ८० ते ९५ अंशांत राहिलं तर काही करू नका. रोजच्या चढाला १२० कडं जायला लागलं तर जास्तीच्या कूलरचा विचार करा.

मृण्मयी_क

ताकदीचं माझं मत स्पष्ट आहे. आधी गाडी मूळ सॉफ्टवेअरवर चालवा. डबा जुळवल्यावर जुनी अ‍ॅडाप्टेशन पुसायची आणि नव्यानं शिकवायची. हे झालं नाही तर कंप्युटर नव्या प्लेटांना जुन्या, झिजलेल्या प्लेटांच्या हिशोबानं भरत राहतो, आणि नवा डबा पहिल्याच आठवड्यात मार खातो. शिकण्यासाठी शांत, हलक्या पायानं, सगळ्या गिअरांतून जाणारा प्रवास लागतो. कागल-निपाणीचा हायवे त्याला उत्तम. पहिल्या काही हजार किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर एकदा बदला.

त्यानंतर रिमॅप करायचाच असेल तर इंजिनाच्या कंप्युटरमध्ये, टॉर्कचे आकडे खरे ठेवून, ६५० च्या आत, आणि खालच्या गिअरांत टॉर्क थोडा आवरलेला. करणारा टॉर्कचे तक्ते उघडून दाखवायला तयार नसेल तर करू नका. डबी मात्र कुणालाही फुकट देऊ नका, दुसऱ्याचा गिअरबॉक्स जाईल.

डिझेल_दादा

डबी हातोड्यानं फोडा. मी आजवर दोन मित्रांना असल्या डब्या घ्यायला लावल्यात, त्यांना आज फोन करतो.

निपाणकर

सगळं वाचलं. माझ्या एंडेव्हरच्या वेळी यातलं काहीच झालं नव्हतं. कन्व्हर्टर नाही, कूलर नाही, फट मोजणं नाही. त्या बिलाचं काही करता येतं का?

पंचगंगाकाठ

करता येतं. पैसे घेऊन केलेल्या कामातली त्रुटी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये येते आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. आधी लेखी नोटीस द्या. पण एका ओळीच्या बिलावर काय केलं नाही हे सिद्ध करायला डबा दुसऱ्या जाणकाराकडून उघडून, फोटो काढून, लेखी अहवाल घ्यावा लागेल. तो घेईपर्यंत जुना एकही पार्ट फेकू नका.

निपाणकर

बरं. टर्नर काका, माझा कन्व्हर्टर कापून बघाल का? अहवालासाठीही लागेल.

उद्यमनगर_टर्नर

आणा की. कूलर पण काढून आणा, नळ्यांसकट, तोंडं प्लास्टिक लावून बंद करून. धुऊन आणू नका, आत काय हाय तेच बघायचंय. कापायच्या आधी, कापताना आणि थर दिसल्यावर, तिन्ही वेळा फोटो तुम्हीच काढा.

शाहूपुरीकर, तुमचा कन्व्हर्टर आज खोलला. लॉकअपचा थर एका बाजूला जास्त घासलाय, बेअरिंगा चांगल्या, हबला वरखडा न्हाई. थराला पाठवतोय. परत आला की कळवतो, वेल्डिंग झाल्यावर डायल तुमच्यासमोर लावू.

शाहूपुरीकर

येतो काका. निपाणकर, तुमचा वार ठरला की सांगा, त्याच दिवशी मीही येईन.